आपल्या शब्दांत

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले आहे. ‘खालील उताऱ्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा.’ प्रश्न काढणारा ते सवयीने लिहितो आणि उत्तर लिहिणारा ते सवयीने डावलतो. उताऱ्यातील पहिले वाक्य जसेच्या तसे घ्यावे, मधली दोन गाळावीत, चौथे पुन्हा जसेच्या तसे उतरावे आणि शेवटच्या वाक्यामागे ‘अशा प्रकारे’ हे शब्द जोडावेत, की झाला सारांश! परीक्षकालाही त्यात फारसे वावगे वाटत नाही. उताऱ्याची लांबी तिसऱ्या हिश्शावर आली, की त्याची अट पुरी होते. मुलाचे स्वतःचे शब्द त्यात कुठे आले, हे पाहण्याची सवड कोणालाच नसते.

ही अडचण सर्वच वर्गांची आहे. तथापि ख्रिस्ती वर्गात, म्हणजे मिशनच्या शाळेतील शास्त्रपाठाच्या तासाला किंवा जिला मराठी मंडळ्यांत शब्बाथशाळा म्हणण्याचा प्रघात आहे त्या रविवारच्या शाळेत, तिला एक निराळीच धार येते. तेथे मुलापुढे असलेला मजकूर नुसता धडा नसतो. ते पवित्र शास्त्र असते. वचन पाठ करावे, ते एका काना-मात्रेचाही फरक न करता म्हणून दाखवावे, आणि त्याबद्दल शाबासकी मिळवावी, हा त्या वर्गाचा जुना शिरस्ता. मग त्याच मुलाला कोणी म्हटले, ‘आता हेच तुझ्या शब्दांत सांग,’ तर ते गोंधळते. देवाच्या शब्दाला हात लावायचा कसा? शिक्षकालाही मनातून तीच धास्ती असते. मुलाने आपल्या शब्दांत सांगताना काही भलतेच सांगितले तर? त्यापेक्षा पाठांतर बरे. त्यात निदान चूक उघड दिसते व ती दुरुस्तही करता येते.

या धास्तीचे उत्तर शास्त्रातच आहे, आणि तेही मुलांच्या सर्वांत ओळखीच्या गोष्टीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला प्रश्न विचारतो. येशू त्याला उलट विचारतो, की नियमशास्त्रात काय लिहिले आहे? शास्त्री तत्काळ दोन्ही आज्ञा अचूक म्हणून दाखवतो. पाठांतराच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण तेवढ्याने त्याचे भागत नाही. आपला शेजारी कोण, असा त्याचा पुढचा प्रश्न असतो. तेव्हा यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूची गोष्ट येते. लुटारूंनी त्याला अर्धमेला करून टाकलेला, याजक बाजूने निघून गेलेला, लेवीही तसाच गेलेला, आणि ज्याची सावलीही यहूदी माणसाला नकोशी तो शोमरोनी मात्र थांबलेला. गोष्ट संपल्यावर येशू विचारतो, की या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण ठरला? आता शास्त्र्याला पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. गोष्टीत नसलेले शब्द शोधून त्याला सांगावे लागते, की ज्याने दया केली तो. शास्त्री जेव्हा पाठ म्हणत होता तेव्हा त्याला सारे येत होते आणि काहीच समजलेले नव्हते. जेव्हा त्याला स्वतःचे शब्द शोधावे लागले, त्या क्षणी त्याला समजले. शिवाय त्याचे उत्तर आणखी एक गोष्ट उघड करून जाते. ‘शोमरोनी’ हा शब्द त्याने तोंडातून काढलेलाच नाही. आपल्या शब्दांत सांगणारा माणूस काय सांगतो याबरोबरच काय टाळतो, हेही त्यातून कळते; पाठांतर हे कधीच दाखवीत नाही. चांगल्या शिक्षकाला मुलाच्या वहीत नेमके हेच वाचता आले पाहिजे.

आता या गोष्टीवर टिपण कसे काढावयाचे ते पाहू. मुले सहसा शिक्षकाच्या तोंडून पडणारे प्रत्येक वाक्य कागदावर पकडू पाहतात आणि तिसऱ्या वाक्याला मागे पडतात. उरलेला तास शेजाऱ्याच्या वहीत डोकावण्यात जातो. म्हणून पहिल्या वाचनाच्या वेळी पेन्सिल खालीच असावी. मुलांनी नुसते ऐकावे. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हाती घ्यावी, पण वाक्य लिहिण्याची मनाई असावी. लिहायचे ते शब्द. यरुशलेम, यरीहो. लुटारू. याजक – गेला. लेवी – गेला. शोमरोनी – थांबला. तेल, द्राक्षारस. स्वतःचे जनावर. उतारशाळा. दोन नाणी. एवढे दहा-बारा शब्द वहीच्या डाव्या बाजूला उभे मांडले, की गोष्टीचा सांगाडा तयार होतो. मग पुस्तक मिटावयाचे. पुस्तक मिटणे ही यातली खरी पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वर्गांत गाळली जाते. पुस्तक उघडे ठेवून केलेला सारांश म्हणजे नक्कलच. मिटलेल्या पुस्तकासमोर, त्या दहा-बारा शब्दांच्या आधाराने मुलाने सारी गोष्ट आधी तोंडी सांगावी, मग लिहावी, आणि सगळ्यात शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहावे. मूळ मजकुरात नसलेले आपण काही घुसडले काय? असलेले काही गाळले काय? ही तपासणी मुलाने स्वतः करावयाची आहे. शिक्षकाने लाल शाई जरा उशिराच काढलेली बरी.

सरकारी कचेऱ्यांत ज्यांनी उमेद घालवली आहे, त्यांना हे सारे नवे वाटणार नाही. फायलीवर टिपणी लिहिणारा कारकून दोन प्रकारचा असतो. एक जण अर्जातील मजकूर अक्षरशः उतरवून खाली ‘आदेशार्थ सादर’ असे लिहितो. दुसरा चाळीस पानांच्या कागदपत्रांतून अर्जदाराला काय हवे आहे, नियम काय सांगतो आणि अडचण कोठे आहे, हे दहा ओळींत मांडतो. पहिल्याच्या टिपणीत चूक सापडत नाही. तिच्यात काहीच सापडत नाही. आणि त्या चाळीस पानांखाली एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन अडकून पडलेले असते. हा फरक कचेरीत शिकवता येत नाही. तो अकराव्या-बाराव्या वर्षीच शिकवावा लागतो.

टिपणासंबंधी एक गोष्ट मात्र मराठीने फार पूर्वीच शिकून ठेवली आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन त्याने विचारपूस केली आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणींत फरक पडला, तर कोणाच्या मते काय घडले याची नोंद ठेवण्याची या परंपरेची रीत आहे. वर्गात दोन मुलांची टिपणे जुळली नाहीत, म्हणजे शिक्षक एकाला बरोबर व दुसऱ्याला चूक ठरवून मोकळा होतो. दोन्ही फळ्यावर लिहून घेऊन, ‘असे निराळे का ऐकू आले?’ हे विचारण्याइतका धीर त्याला झाला, तर सात शतकांमागचा तो गृहस्थ त्याच्या पाठीशी उभा आहे. ख्रिस्ती वर्गाला तर यात बिचकण्याचे कारणच नाही. शुभवर्तमाने एक नाही, चार आहेत, आणि त्यांतला लूक आरंभीच सांगून ठेवतो, की ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा नीट शोध करून तो अनुक्रमाने लिहीत आहे.

मराठी भूमीवर ख्रिस्ती शिकवणीचा वर्ग आणि आपल्या शब्दांत सांगणे यांची गाठ कधी पडली, असे कोणी विचारले, तर साष्टीकडे पाहावे लागते. इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात जन्मलेला टॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. मधली बहुतेक वर्षे त्याने साष्टीत काढली. त्याच्यापुढे दोन कामे होती. एक मुलांना व नवख्रिस्त्यांना ‘दौत्रीन’ शिकवण्याचे. दौत्रीन म्हणजे गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून मांडलेली धर्मशिकवण. प्रश्न ठरलेला, उत्तरही ठरलेले. मार्कोस जोर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या अशा पुस्तकावरून त्याने कोकणीत ते रचले, आणि त्याच्या मरणानंतर १६२२ मध्ये ते छापले गेले. दुसरे काम त्याच्यावर लोकांनीच सोपवले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच तो प्रसंग आलेला आहे. देवळात दौत्रीन आटोपल्यावर एक ब्राह्मण पुढे येतो आणि पाद्रीगुरूपाशी आपले मन उघडे करतो. मुलांना ही जी शिकवण देता ती ठीक. पण आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे काही का देत नाही? अशा आशयाची ती मागणी आहे.

या मागणीत केवढे दुःख आहे, हे चटकन लक्षात येत नाही. ज्या समाजाच्या पोथ्या काढून घेतल्या गेल्या होत्या, तो समाज हे बोलत होता. प्रश्नोत्तरे पाठ होत होती, तरी मन रिते होते. स्टीफन्सने उत्तर दिले ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचे. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा सारा वृत्तांत त्याने मराठी श्रोत्यांच्या सवयीच्या छंदात, सवयीच्या अलंकारांसह पुन्हा सांगितला. १६१६ मध्ये रायतूरच्या मुद्रणालयात रोमन लिपीत ते छापले गेले. हे भाषांतर नव्हे. ऐकलेले, पचवलेले, आणि समोरच्या माणसाच्या भाषेत नव्याने मांडलेले असे ते कथन आहे. आश्चर्य असे, की ते करणारा गुरू परका होता आणि तोच आधी त्या भाषेचा विद्यार्थी झाला होता. मराठी सृष्टी त्याने किती बारकाईने टिपली असेल, हे त्याने योजलेल्या फुलाफळांच्या व रत्नांच्या उपमा वाचताना जाणवते. वर्गात मुलाला आपल्या शब्दांत बोलायला लावणाऱ्या शिक्षकाने आधी मुलाचे शब्द शिकले पाहिजेत; हा क्रम फारच थोडे पाळतात.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ‘ख्रिस्तपुराण’ छापल्याला तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती. ज्या वर्गात मूल आपल्या भाषेत बोलू शकत नाही, तेथे पाठांतराखेरीज दुसरे काय उरते? पोथी मात्र मेली नाही. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती आपल्याबरोबर नेली, आणि १९०७ मध्ये मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी ती संपादून पुन्हा छापली. देवनागरीत ती १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी आणली. म्हणजे बहुसंख्य मराठी वाचकांच्या डोळ्यांना ती दिसायला ३४० वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने मुंबई-अहमदनगरकडे शाळा काढल्या. १८२६ मध्ये नवा करार मराठीत छापून निघाला, सिंथिया फरार या बाई १८२७ मध्ये मुंबईस व १८३९ मध्ये नगरास आल्या, आणि त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले. १८४२ मध्ये मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या पत्रातच पुढे १८५५ साली मुक्ता साळवे या मुलीचा महार-मांगांच्या दुःखावरील निबंध प्रसिद्ध झाला. ती फुल्यांच्या शाळेतली, मिशनची नव्हे. पण कोणत्याही प्रश्नोत्तरावलीत न सापडणारे शब्द एका मांग मुलीच्या लेखणीतून उतरले आणि ते छापावेत असे एका ख्रिस्ती पत्राला वाटले, ही नोंद येथे राहून जाता कामा नये.

परंतु या विषयातले सर्वांत मोठे नाव पंडिता रमाबाईंचे. पाठांतराची महती त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. आईने लहानपणीच त्यांच्याकडून हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत करून घेतले होते. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे वाचीत फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. अशा विदुषीने केडगावच्या मुक्तिसदनात काय केले? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया वाचवून आणल्या. उपासमारीतून आलेल्या या मुली. कोणाची बोली वऱ्हाडाकडची, कोणाची हिंदी, कोणाची गुजराती. त्यांच्यापुढे शास्त्र वाचले जाई ते त्या काळच्या जड, संस्कृतप्रचुर मराठीत. मुली ते ऐकत, कदाचित पाठही करीत. समजत किती असतील?

रमाबाईंनी यावर जो उपाय योजला, तो जवळजवळ अविश्वसनीय आहे. चाळिशी ओलांडल्यानंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध शास्त्र मुळावरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत उतरवू लागल्या. संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. त्याला धार्मिक कारणही होते, हे लपवून उपयोग नाही. जुन्या शब्दांबरोबर जुन्या कल्पना येतात असे त्यांचे मत होते, आणि ते सर्वांना पटेल असे नाही. साधेपणाच्या हव्यासात त्यांची मराठी कधी कधी अवघडलेलीही वाटते. तरीसुद्धा जिच्या मुखात अवघे गीर्वाण वाङ्मय नांदत होते, तिने निरक्षर मुलीसाठी आपली सारी संस्कृत शब्दसंपत्ती बाजूला ठेवावी, हा त्याग साधा नव्हे. मोठा शब्द सुचला असतानाही लहान शब्द लिहिणे किती कठीण असते, हे लेखन करणारा कोणीही सांगेल. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या व पुस्तके बांधणाऱ्या त्याच मुली व स्त्रिया होत्या. खिळा जुळवायचा म्हणजे एकेक अक्षर हाताने उचलायचे. त्याहून सावकाश वाचन दुसरे नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोन्ही उदाहरणांतून वर्गासाठी एक कसोटी हाती येते. सारांश किती लहान झाला, हे मोजण्यापेक्षा तो कोणासाठी केला, हे विचारावे. स्टीफन्सपुढे देवळातला तो ब्राह्मण होता. रमाबाईंपुढे केडगावच्या मुली होत्या. परीक्षकासाठी लिहिलेला सारांश नेहमीच निर्जीव होतो, कारण परीक्षकाला तो मजकूर आधीच ठाऊक असतो. मुलापुढे असा श्रोता उभा करावा, ज्याला ती गोष्ट ठाऊक नाही.

आणि असा श्रोता आज पुष्कळ घरांत आयताच असतो. बंगळुरूचे जे. पी. नगर घ्या. बेळगाव-सोलापूरकडून अशा वस्तीत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबातले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर व दुकानात कन्नड ऐकते आणि शाळेत इंग्रजी शिकते. कुटुंब ख्रिस्ती असेल, तर शास्त्रपाठही इंग्रजीतच. टिपणे इंग्रजी, उत्तरे इंग्रजी, वचनेही इंग्रजी. पालकांना याचा अभिमान वाटतो आणि थोडी हुरहुरही. परंतु याच घरात आजी असते. तिने शास्त्र वाचले ते मराठीत, आणि नातवाच्या वहीतले तिला काही लागत नाही. त्या मुलाने रविवारी दुपारी वही मिटून, डाव्या बाजूच्या दहा शब्दांवरून आजीला धडा मराठीत सांगावा, एवढेच शिक्षकाने काम द्यावे. इंग्रजी वाक्ये तशीच उचलून वापरण्याची सोयच येथे उरत नाही. भाषा बदलली की नक्कल आपोआप संपते. मूल अडखळेल. ‘ग्रेस’ला काय म्हणायचे, हे त्याला आठवणार नाही; मग रस्त्यावरच्या कन्नडातला ‘कृपे’ आठवेल आणि आजीचा ‘कृपा’ तेथेच सापडेल.

या कामात शिक्षकाने एक भेद मात्र जपावा. आपल्या शब्दांत सांगणे निराळे आणि आपले मत सांगणे निराळे. शोमरोन्याच्या गोष्टीत ‘हा आपल्या गावात कोण?’ असा प्रश्न विचारला, तर नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात वर्ग क्षणभर गप्प होईल. मग कोणीतरी हळूच सांगेल, की ज्याला पूर्वी विहिरीवर चढू देत नव्हते तो. ते उत्तर मोलाचे आहे. पण ते सारांशात लिहायचे नाही, सारांशाखाली रेघ मारून लिहायचे. रेघेच्या वर जे आहे ते लूकचे, खाली जे आहे ते मुलाचे. दुसऱ्याचे ते दुसऱ्याच्या नावावर ठेवणे हा सचोटीचा पहिला धडा आहे, आणि चोरी न करण्याची आज्ञा जो वर्ग दर आठवड्यास म्हणतो, त्याला तो निराळा समजावून सांगावा लागू नये. पाठ केलेले वचनही असेच अवतरणचिन्हांत, अध्याय व ओवीच्या आकड्यासह वहीत उतरवावे. त्याचा एक कानाही बदलू नये.

वहीचे पान मग तीन भागांचे होते. डावीकडे शब्दांची उभी रांग, उजवीकडे मुलाने सांगितलेली गोष्ट, आणि रेघेखाली त्याचा स्वतःचा विचार. तपासणाऱ्याने सुरुवात डावीकडून करावी. ‘लेवी’ हा शब्द डावीकडे आहे आणि उजवीकडे नाही, असे दिसले तर लाल खूण न करता मुलाला जवळ बोलवावे आणि लेवी कोठे गेला, एवढे विचारावे.